अंब्रेला पाम आणि पपायरस लावण्याआधी: बागेतली जागा कशी निवडायची

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत अंब्रेला पामच्या पिशव्या दिसायला लागतात. चार-पाच काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला हिरवीगार छत्री आणि किंमत कुणालाही परवडेल अशी. घरी आणल्यावर कंपाउंडच्या भिंतीलगत मोकळा कोपरा दिसतो, तिथे खड्डा घेऊन झाड लागतं. पहिल्या वर्षी सगळे कौतुक करतात. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारची जास्वंद दबायला लागते, तिसऱ्या वर्षी फरशीच्या फटीतून फुटवे वर येतात आणि मग माळ्याला बोलवून पहार लावावी लागते.

यात झाडाची काहीच चूक नाही. अंब्रेला पाम आणि पपायरस दोन्ही सायपरस या एकाच गटातली, आणि ही मंडळी मला मनापासून आवडतात. बारमाही हिरवी असतात, कीड जवळजवळ नसते, आणि इतर झाडं जिथे मुळं कुजून मरतात अशा चिखलात ती खुशाल वाढतात. पण ती लव्हाळ्याच्या कुळातली आहेत. जमिनीखालून आडवे कंद सोडत पसरणं हा त्यांचा स्वभावच आहे. म्हणून खड्डा घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. इथे पाणी थांबतं का? आणि इथे कंद कशाला अडणार आहे? दोन्हींची उत्तरं मिळाली की जागा सापडली. फक्त दुसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर अडण तुम्हाला घालावी लागेल, आणि ती लावणीच्या दिवशीच घालायची असते.

हाताशी काय हवं

- घराचा ड्रेनेजचा नकाशा. सांडपाण्याचे पाइप, चेंबर, सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे हे त्यात असतं. नकाशा नसेल तर ज्या प्लंबरने काम केलं त्याला बोलवून जमिनीवर चुन्याने रेघा मारून घ्या.
- सोसायटीत राहत असाल आणि जागा गच्चीवर किंवा सामाईक बागेत असेल, तर कमिटीची लेखी परवानगी.
- कुदळ, पहार, घमेलं, मोजपट्टी, बादली.
- प्लॅस्टिकचा 200 लिटरचा जुना ड्रम, मधोमध आडवा कापलेला. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचा ड्रम नको.
- धारदार करवत किंवा जुना कोयता, पुढच्या विभागणीसाठी.

1. आणलेलं झाड नक्की कोणतं ते ओळखा

नर्सरीतल्या नावावर जाऊ नका. ‘अंब्रेला’ म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. एक शेफलेरा. त्याला लाकडी खोड असतं, पंज्यासारखी जाड पानं असतात आणि पाणी साचलं की ते मरतं. दुसरं आपलं अंब्रेला पाम, म्हणजे सायपरस. त्याला पामही म्हणतात, पण ते पाम नाही.

खात्री करायची तर एक काडी कापून बघा. सायपरसची काडी आतून पांढऱ्या, मऊ गराने भरलेली असते आणि तिला बांबूसारखी पेरं नसतात. छत्रीच्या जरा खाली ती बोटांत धरून फिरवली तर कडा जाणवतात. गवताची काडी सहसा पोकळ, गोल आणि पेरांची असते.

आपल्याकडे सहज मिळणारे प्रकार तीन:

*अंब्रेला पाम.* तीन ते पाच फूट उंच. मूळचं आफ्रिकेतलं. ऊन आणि अर्धी सावली, दोन्ही चालतं. पसरण्याची हौस भरपूर.

*पपायरस.* नाईलकाठचं, प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्यापासून लिहिण्याचे पट बनवत तेच. बागेत आठ-दहा फूट सहज जातं, मनासारखं पाणी मिळालं तर पंधरा फुटांपर्यंतही. टोकाला बारीक हिरव्या धाग्यांचा मोठा झुबका. याला जागा लागते, आणि ती वरही लागते.

*बुटकं पपायरस.* दीड ते तीन फूट. छोट्या टबासाठी, बाल्कनीसाठी. पहिल्यांदाच लावणार असाल तर मी हेच सुचवेन.

कॅरेक्स नावाचे पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे छोटे झुबके ऑनलाइन दिसतात. ते थंड हवेतले आहेत. नागपूर-औरंगाबादच्या उन्हाळ्यात त्यांच्यामागे पैसे घालवू नका, महाबळेश्वर-पाचगणीकडे हवं तर एखादं लावून बघा.

2. बागेत पाणी कुठे थांबतं ते शोधा

यासाठी पावसाळ्यातला एक जोराचा दिवस आणि मे महिन्यातली एक दुपार, दोन्ही बघितलेले असावेत. जिथे पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास डबकं राहतं ती जागा लक्षात ठेवा. तीच जागा मे महिन्यात भेगाळते का तेही बघा. काळ्या मातीत हे हमखास होतं: पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अशा जागी अंब्रेला पाम जगतं, पण उन्हाळाभर पाणी द्यायची तयारी हवी, नाहीतर छत्र्यांची टोकं तपकिरी होऊन सगळा गड्डा केविलवाणा दिसतो.

शंका असेल तर खड्ड्याची चाचणी करा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने काठोकाठ भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा, कारण पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते आणि त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात गेलं तर खाली मुरूम आहे, ही झाडं तिथे थेट जमिनीत लावू नका. सकाळपर्यंत पाणी शिल्लक राहिलं तर जागा उत्तम.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीत पाणी झरझर उतरतं. पाऊस धो धो असला तरी दिवाळीनंतर जमीन कोरडी पडते. तिथे विहिरीपाशी, जिथे राहाटाचं किंवा पंपाचं पाणी रोज सांडतं, तिथलीच जागा खरी. उरलेल्या बागेत टबाशिवाय पर्याय नाही.

एसीच्या पाण्याची नळी, टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप आणि बाहेरचा नळ या तीन जागाही बघून ठेवा. लोक त्यांच्याकडे कटकट म्हणून बघतात. सायपरससाठी त्या आयत्या जागा आहेत.

3. ऊन आणि वारा

पपायरसला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत काड्या बारीक होतात आणि झुबक्याच्या भाराने वाकतात. अंब्रेला पाम पूर्वेकडच्या उन्हात सगळ्यात छान दिसतं. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेच्या भिंतीलगत लावू नका. तापलेली भिंत आणि एप्रिल-मेचं दुपारचं ऊन एकत्र आलं की पाण्यात उभं असलेलं झाडही करपतं.

वाऱ्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पपायरसची काडी आतून स्पंजासारखी असते. वळवाच्या एका वादळात सगळा गड्डा आडवा होतो आणि मोडलेली काडी पुन्हा उभी राहत नाही, कापूनच टाकावी लागते. दोन इमारतींच्या मधली बोळ, गच्चीचा नैऋत्येचा कोपरा, समुद्राकडचं उघडं अंगण, इथे पपायरस नको. अंब्रेला पाम तग धरेल.

4. या जागा आधीच बाद करा

*ओढा, नाला, तळं किंवा पाणथळ जागेचा काठ.* बंगल्यामागून ओढा जात असेल तर तिथे सायपरस लावायचा मोह होतो, कारण जागा ओली असते आणि झाड सुंदर दिसणार हे नक्की असतं. कृपा करून लावू नका. पुरात गड्ड्याचा एक तुकडा वाहून गेला तरी खाली कुठेतरी रुजतो, बीही पाण्याबरोबर जातं. ऑस्ट्रेलियात ओढ्याकाठी अंब्रेला पाम तणासारखं पसरलेलं आहे. आपल्याकडेही ते बागांबाहेर ओलाव्याला उगवलेलं दिसतं. आपल्या ओढ्यांच्या काठी स्वतःचे लव्हाळे आहेत, त्यांच्यावर पक्षी आणि चतुर जगतात. ती जागा त्यांचीच राहू द्या.

*सांडपाण्याचे पाइप आणि चेंबर.* जुन्या सिमेंटच्या किंवा भाजक्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून ओल झिरपते आणि मुळं ओलीकडेच जातात. चुन्याच्या रेघेपासून निदान सहा फूट लांब राहा. सेप्टिक टँक आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून त्याहूनही लांब.

*शेजाऱ्याची भिंत.* कंद भिंतीच्या पायाला अडेल अशा भरवशावर राहू नका. दोन प्लॉटमध्ये नुसतं तारेचं कुंपण असेल तर प्रश्नच मिटला, तिथे नको.

*हळू वाढणाऱ्या झाडांची सोबत.* गुलाब, मोगरा, अबोली, नेचे यांच्या वाफ्यात सायपरस घालायचा नाही. पाण्याची गरज जुळत नाही आणि वाढीचा वेग तर मुळीच नाही. सोबत हवी असेल तर कर्दळ किंवा अळू द्या, ती आपली जागा राखून असतात.

*प्लॅस्टिक कापड अंथरलेलं कृत्रिम तळं.* तळाशी माती घालून त्यात थेट लावू नका. गड्डा वाढला की उपसताना कापड फाटतं. टोपलीत किंवा कुंडीत लावून ती कुंडी तळ्यात ठेवा.

5. कंदाला अडण घाला

जमिनीत लावायचं ठरलं तर अर्धा कापलेला ड्रमच वापरा, मी दुसरं काही सुचवणार नाही. विटांचं कडं केलं तर सांध्यांतून कंद निघतो. पत्रा गंजतो. काही जण जाड प्लॅस्टिकचा पट्टा जमिनीत गोल पुरतात, पण त्याची दोन टोकं जिथे जुळतात तिथूनच पुढे फुटवा येतो.

खड्डा ड्रमपेक्षा दोन-तीन इंच रुंद घ्या. ड्रम असा बसवा की त्याचा काठ जमिनीच्या दोन इंच वर राहील. या दोन इंचांत सगळं काम आहे. काठ जमिनीच्या पातळीला आला की कंद वरून उडी मारून बाहेर रुजतो आणि ते वर्षभर कळतही नाही. काठ वाईट दिसतो म्हणून बाहेरून गोटे लावायला हरकत नाही, पण माती चढवू नका.

जागा मुळातच पाणथळ असेल तर ड्रमच्या तळापासून चारेक इंचांवर बाजूला दोन-तीन छोटी भोकं पाडा. तळात पाणी राहतं, जास्तीचं निघून जातं. मुरमाड जागेत एकही भोक पाडू नका.

भरायला साधी बागेची माती किंवा पोयट्याची माती घ्या. कोकोपीट नको, ते तरंगतं. शेणखत भरभरून घालायची सवय असेल तर इथे हात आखडा, कारण साचलेल्या पाण्यात ते कुजतं, वास येतो आणि पाणी हिरवं होतं. वरून इंचभर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा. एका अर्ध्या ड्रमात एकच रोप. सुरुवातीला ते एकटं वाटेल, पण दोन पावसाळ्यांत ड्रम भरतो.

आणखी एक सापळा मातीचा आहे. नर्सरीच्या पिशवीतल्या किंवा ट्रकने मागवलेल्या लाल मातीत लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या, काळ्या गाठी असतात. हाच तो उटण्यातला सुगंधी नागरमोथा, पण बागेत तो जगातल्या सगळ्यात चिवट तणांपैकी एक आहे. त्याची टोकदार पाती मल्चिंगचं प्लॅस्टिक भोसकून वर येतात. वरचं पातं उपटलं तर दोऱ्यात ओवलेल्यासारख्या गाठी खालीच तुटून राहतात आणि प्रत्येक गाठ फुटते. म्हणून लावणीआधी रोपाची मुळं बादलीत धुऊन घ्या आणि माती हाताने चाळून गाठी वेचा. सायपरसच्या गड्ड्यात लव्हाळा शिरला तर दोन्ही पाती इतकी सारखी दिसतात की वेगळं करणं अशक्य होऊन बसतं.

6. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा: धुण्याच्या दगडामागे

बैठ्या घराला, बंगल्याला किंवा रो-हाउसला मागे कपडे-भांडी धुवायची जागा असते. तिथलं पाणी रोज ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी येतं. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी असलं तरी धुण्याचं पाणी थांबत नाही. सांडपाणी शुद्ध करायच्या मुळांच्या वाफ्यांत अंब्रेला पाम आणि कर्दळ मुद्दाम लावतात, कारण त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि झाड त्यातलं नत्र-स्फुरद उचलतं. म्हणजे पाण्याची सोयही होते आणि झाडाचीही.

वाफा करायची पद्धत सोपी आहे. साधारण तीन फूट रुंद, सहा-आठ फूट लांब आणि दोन फूट खोल हौद विटा-सिमेंटचा बांधून आतून गिलावा करा. कंदाची अडणही त्यातच झाली. पाणी शिरतं त्या तोंडाशी मोठे दगड, पुढे अर्ध्या-पाऊण इंचाची खडी आणि वरच्या थरात थोडी जाडी वाळू. बाहेर जायचा पाइप खडीच्या माथ्यापेक्षा तीन-चार इंच खाली ठेवा. त्यामुळे पाणी नेहमी खडीच्या आत राहतं, वर डबकं दिसत नाही, डासही होत नाहीत. रोपं दीड-दोन फुटांवर लावा. पाणी वाफ्यात शिरण्याआधी एका छोट्या चेंबरमध्ये जाळी बसवा आणि भाताची शितं, केस, चहाचा चोथा तिथेच अडवा. ती जाळी रोज झटकावी लागते. जाळी तुंबली की वाफा तुंबला.

ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिड, संडास धुवायची रसायनं या पाण्यात येता कामा नयेत. संडासाचं पाणी तर नाहीच. वाफ्यातून निघालेलं पाणी केळी, नारळ, शोभेच्या झाडांना द्या. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना नको.

7. गच्ची आणि बाल्कनी

अर्धा ड्रम ओली माती आणि पाण्याने भरला की वजन दीडशे किलोच्या वर जातं. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलो भारासाठी धरतात, आणि ड्रमचा तळ चौरस मीटरच्या पावभर असतो. तेव्हा गच्चीवर ड्रम नको. बुटकं पपायरस किंवा अंब्रेला पाम 20-25 लिटरच्या बिनभोकाच्या टबात लावा आणि टब तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवा. जुनी इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

टब थेट फरशीवर ठेवू नका, विटांवर ठेवा. भोक असलेली कुंडी ठेवली तर मुळं भोकातून निघून वॉटरप्रूफिंगच्या थरात आणि गच्चीच्या जाळीत शिरतात. खालच्या घरात ओल आल्यावर ते भांडण लांबतं. मातीच्या आणि पातळ प्लॅस्टिकच्या कुंड्या तर गड्डा वाढला की सरळ तडकतात.

8. डासांचा विचार जागेबरोबरच करा

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. म्हणून टब अशा जागी हवा जिथे तुमचा हात रोज पोहोचतो. कोपऱ्यात, शिडीमागे, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे ठेवलेला टब कुणी बघत नाही.

सोपा मार्ग म्हणजे पाणी मातीच्या वर दिसूच द्यायचं नाही. माती चिखलासारखी ओली आणि वर खडीचा थर. सायपरसला तेवढं पुरतं. पाणी दिसायला हवंच असेल तर गप्पी मासे सोडा. बऱ्याच महापालिकांच्या हिवताप विभागात ते मोफत मिळतात. जास्तीचे मासे मात्र नदी-तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रास देतात.

9. लावणी आणि पुढची राखण

जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही चालतं.

तपकिरी झालेल्या काड्या बुडापासून कापत राहा, अर्ध्यावर कापलेली काडी पुन्हा फुटत नाही. छत्र्यांवर तपकिरी तुरे दिसले की बी पडायच्या आत छाटा. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा मधून पोकळ होतो, कारण नवी वाढ कडेला असते. तेव्हा तो बाहेर काढून करवतीने तुकडे करा, कडेचा ताजा तुकडा परत लावा आणि मधला टाकून द्या. टाकताना तो कचऱ्याच्या ढिगावर, कंपोस्टमध्ये किंवा नाल्यात टाकू नका. फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवा, मोडून बघा, कंद आतून कोरडा खडखडीत झाला की मगच कंपोस्टमध्ये.

कुणी रोप मागितलं तर गड्डा तोडायची गरज नाही. छत्री दोनेक इंच दांड्यासकट कापा, पाती निम्मी छाटा आणि ती पाण्याच्या वाटीत उलटी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मध्यातून मुळं आणि छोटे फुटवे येतात. देताना अर्ध्या ड्रमचंही सांगून ठेवा.